स्वल्पविरामात अडकलेली माहिती

म्युच्युअल फंड कंपन्यांची देशव्यापी संघटना ‘ॲम्फी’ कामकाजाच्या दर दिवशी आपल्या संकेतस्थळावर एक फाईल ठेवते. देशातल्या हजारो योजनांचे ताजे निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे गुंतवणूकदार ज्याला एनएव्ही म्हणतात ते, तिच्यात असते. फाईल दिसायला अगदी रुक्ष आहे. रंग नाहीत, चौकटी नाहीत, ठळक अक्षरे नाहीत, बोधचिन्हही नाही. एका ओळीत एक योजना आणि ओळीत सहा रकाने. त्यांत योजनेचा सांकेतिक क्रमांक, दोन आयसिन क्रमांक, योजनेचे नाव, मूल्य आणि तारीख येते. दोन रकान्यांच्या मध्ये फक्त एक अर्धविराम.

सार्वजनिक माहिती कशी द्यावी, याचा हा देशातला एक उत्तम नमुना आहे. लिनक्स असलेल्या कुठल्याही संगणकावर शेल उघडावे, म्हणजे माउस बाजूला ठेवून संगणकाला लिहून कमांड द्यायची ती खिडकी. ‘ग्रेप’ या कमांडला हव्या त्या फंडाचे नाव सांगावे, म्हणजे त्या नावाच्या ओळी तेवढ्या वेगळ्या होतात. त्या ओळी ‘ऑक’ या कमांडकडे सोपवाव्यात आणि विभाजक अर्धविराम आहे, चौथा व पाचवा रकाना दे, एवढेच सांगावे. हजारो ओळींच्या फाईलमधून हव्या त्या योजना आणि त्यांची मूल्ये क्षणात समोर येतात. फाईलमध्ये मधूनमधून फंड घराण्यांची नावे आणि योजनांचे प्रकार स्वतंत्र ओळींवर येतात, पण त्या ओळींत अर्धविराम नसतो. त्यामुळे अर्धविराम असलेल्या ओळीच घे असे म्हटले की त्याही आपोआप गळतात. हे काम करायला कुणाची परवानगी लागत नाही, विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही आणि प्रोग्रॅमरही लागत नाही.

रकाने तोडणाऱ्या अशा चिन्हाला डिलिमिटर म्हणतात. ही संगणकवाल्यांची अंतर्गत बाब आहे, असा एक समज आहे. तो सोडून द्यायला हवा. नगरपालिकेचा अर्थसंकल्प, विद्यापीठाचा निकाल, पतसंस्थेची सभासद यादी, धरणांचा पाणीसाठा अशी कोणतीही माहिती लोकांना मोजता येईल अशी मिळते की नुसती बघता येईल अशी, हे बऱ्याचदा या एका चिन्हावर ठरते.

या कमांड आल्या कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची संशोधनसंस्था होती. तिथे १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिनक्स पुढे जिच्या धर्तीवर घडले त्या युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. त्यांचे वरिष्ठ सहकारी डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते की बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा दुसरा तुकडा जोडता येतो, तसे छोटे छोटे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. ते पुढे कित्येक वर्षे त्याचा पाठपुरावा करत राहिले. अखेर १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती सोय एका रात्रीत युनिक्समध्ये बसवली. तिला पाइप म्हणतात आणि तिचे चिन्ह आहे एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडच्या कमांडचे उत्तर उजवीकडच्या कमांडच्या हातात पडते. त्याच वर्षी थॉम्पसन यांचा ‘ग्रेप’ युनिक्समध्ये दाखल झाला. १९७७ मध्ये अल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन यांनी ‘ऑक’ तयार केला.

ही साधने किती ताकदीची आहेत हे १९८६ मध्ये एका जाहीर प्रसंगात दिसले. जॉन बेंटली यांनी एका प्रतिष्ठित संगणकशास्त्रीय नियतकालिकातल्या आपल्या सदरासाठी डोनाल्ड नूथ यांना एक काम दिले होते. दिलेल्या मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधून त्यांची संख्या छापायची. नूथ यांनी कित्येक पानांचा, अत्यंत देखणा प्रोग्रॅम लिहिला. समीक्षक होते मॅकिलरॉय. त्यांनी नूथ यांच्या कारागिरीला दाद दिली आणि मग तेच काम करणारी सहा ओळींची कमांड समोर ठेवली. अक्षर नसलेल्या प्रत्येक जागी ओळ तोड, मोठी अक्षरे लहान कर, ओळी क्रमाने लाव, सारख्या ओळी मोज, संख्येच्या उतरत्या क्रमाने पुन्हा लाव, पहिल्या अमुक इतक्या ओळी दाखव. यातली प्रत्येक कमांड आधीच उपलब्ध होती. मॅकिलरॉय यांनी त्या फक्त पाइपने जोडल्या.

या कमांडना एकमेकींविषयी काहीही माहीत नसते. तरीही त्या एकत्र काम करू शकतात, कारण एक ओळ म्हणजे एक नोंद आणि ठरलेले चिन्ह म्हणजे रकान्याची हद्द, एवढा करार सगळ्यांनी पाळलेला असतो. युनिक्समध्ये वापरकर्त्यांची नोंद ठेवणारी फाईल आजही कोलनने तोडलेल्या सात रकान्यांची असते आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या कमांड ती आजही वाचतात. इतकी वर्षे न बदलता टिकलेला करार संगणकाच्या जगात फार क्वचित सापडतो.

आपल्याकडे हा करार मोडतो तो स्वल्पविरामामुळे.

जगभर सर्वाधिक चालणारी साधी फाईल म्हणजे सीएसव्ही, जिच्यात रकाने स्वल्पविरामाने वेगळे होतात. युरोपातल्या अनेक देशांना तिचा त्रास आधीच झाला, कारण तिथे दशांशचिन्ह म्हणूनच स्वल्पविराम वापरतात. म्हणून तिथला एक्सेल सीएसव्ही फाईल जतन करतानाही अर्धविराम वापरतो. भारताची अडचण त्याहून मोठी आहे. लाख-कोटींच्या पद्धतीत आपण एका संख्येत दोन-तीन स्वल्पविराम घालतो. पत्त्यात सदनिका, मजला, गल्ली, गाव, तालुका असे सगळे स्वल्पविरामाने तोडून लिहितो.

एखाद्या पतसंस्थेची यादी घ्या. सभासद क्रमांक, नाव, पत्ता आणि ठेव असे चारच रकाने. पत्ता आहे ‘सदनिका ७, दुसरा मजला, कोथरूड, पुणे’ आणि ठेव १,२५,००० रुपये. ही ओळ स्वल्पविरामावर तोडली की चाराचे नऊ रकाने होतात. पुढच्या सभासदाचा पत्ता नुसता ‘सोलापूर’ आणि ठेव तेवढीच असेल, तर त्याच्या ओळीचे सहा रकाने होतील. आता ‘ऑक’ला सांगितले की चौथ्या रकान्याची बेरीज कर, तर पहिल्या ओळीत त्याला ‘दुसरा मजला’ मिळतो आणि तो त्याची किंमत शून्य धरतो. दुसऱ्या ओळीत सव्वा लाखांतला फक्त सुरुवातीचा एक मिळतो आणि तो बेरजेत एक रुपया मिळवतो. कमांड थांबत नाही, कुठली सूचना येत नाही, शेवटी एक संख्या येते आणि ती चुकीची असते. असे काही तरी घडले आहे हे कळायला ती बेरीज आधीपासून माहीत असणारा माणूस लागतो.

यावर नियम आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांच्या मालिकेत ४१८० क्रमांकाचे टिपण प्रसिद्ध झाले. रकान्यातच स्वल्पविराम असेल तर तो रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. पण ‘कट’ या कमांडला अवतरणचिन्हे कळत नाहीत. तिला तोडायला एक चिन्ह दिले की ती दिसेल तिथे तोडते. ‘ऑक’लाही ती कळत नव्हती. कर्निघन यांनी ‘ऑक’मध्ये सीएसव्ही वाचण्याची खास सोय केली ती त्यांच्या पुस्तकाच्या २०२३ मधल्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी, मूळ कमांड तयार झाल्यावर तब्बल ४६ वर्षांनी. ही सोय असलेला नवा ‘ऑक’ अजून प्रत्येक संगणकावर पोहोचलेला नाही.

खरे तर डिलिमिटरसाठी स्वतंत्र चिन्हे कधीच राखून ठेवलेली आहेत. आस्की या मूळ अक्षरसंचात २८ ते ३१ क्रमांकांची चार चिन्हे केवळ फाईल, गट, नोंद आणि घटक वेगळे करण्यासाठी आहेत. कुणाच्याही नावात किंवा पत्त्यात ती येण्याची शक्यता नाही. पण कळफलकावर त्यांची कळ नाही आणि पडद्यावर ती दिसत नाहीत, त्यामुळे ती रुजली नाहीत. व्यवहारात उरतात ते टॅब, उभी रेघ आणि अर्धविराम. भारतीय नावे, पत्ते आणि रकमा असलेल्या फाईलसाठी यांतला टॅब सर्वांत चांगला, कारण माणूस लिहिताना तो जवळजवळ वापरत नाही. ‘कट’ आपण होऊन टॅबवरच तोडते, हेही त्याच्या बाजूने आहे.

मोकळ्या जागेचा डिलिमिटर म्हणून वापर मात्र जपूनच करावा. ‘ऑक’ सलग पाच मोकळ्या जागांना एकच विभाजक मानतो. ‘कट’ प्रत्येक जागा वेगळी मोजते आणि मधले रकाने रिकामे धरते. एकच फाईल, दोन कमांड, दोन वेगळी उत्तरे. शेल स्वतः तर मोकळी जागा दिसली की एका शब्दाचे दोन करते. ‘वार्षिक अहवाल’ नावाची फाईल पुसायला सांगताना नाव अवतरणचिन्हांत ठेवले नाही, तर शेल ‘वार्षिक’ आणि ‘अहवाल’ अशा दोन फाईल पुसायला निघते.

याची मोठी किंमत लोकांनी मोजली आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलने आयट्यून्सची दुसरी आवृत्ती काढली. तिच्या स्थापनेच्या स्क्रिप्टमध्ये डिस्कचे नाव अवतरणचिन्हांत ठेवायचे राहिले होते. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती अशा काहींच्या डिस्कवरचा मजकूर पुसला गेला आणि ॲपलला ती आवृत्ती मागे घेऊन सुधारित आवृत्ती द्यावी लागली. २०११ मध्ये लिनक्सवरच्या बंबलबी या प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये फाईल पुसण्याच्या कमांडमध्ये एका मार्गाच्या मधोमध चुकून एक मोकळी जागा पडली. त्या एका जागेमुळे एक मार्ग दोन झाला आणि त्यातला पहिला होता संगणकावरचे बहुतेक प्रोग्रॅम जिथे असतात तो संपूर्ण विभाग. ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली त्यांचा तो विभाग साफ झाला. या दोन्ही ठिकाणी काम करणारे लोक अननुभवी नव्हते. मोकळी जागा हाही एक डिलिमिटर आहे, याचे भान एका ओळीपुरते सुटले होते.

इथे कुणी विचारेल की एक्सेल असताना या सगळ्याची गरज काय. रोजच्या कामाला एक्सेल चांगलेच आहे आणि लाखो लोकांचा हिशेब त्यावर बरा चालतो. पण एक्सेल न विचारता अर्थ लावते आणि मर्यादेपलीकडचे निमूटपणे सोडून देते. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला याचा भयंकर अनुभव आला. प्रयोगशाळांकडून कोविड चाचण्यांचे निकाल साध्या सीएसव्ही फाईलमध्ये येत होते. ते पुढे एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये भरले जात. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढचे रुग्ण गळाले. एकूण १५,८४१ बाधितांची नोंद वेळेत झाली नाही आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही लांबला. शेलमध्ये ओळी मोजणारी ‘डब्ल्यूसी’ ही कमांड आहे. भरण्याआधी आणि भरल्यानंतर ओळी मोजल्या असत्या तर ही तूट पहिल्याच दिवशी दिसली असती.

जनुकशास्त्रात तर नावेच बदलावी लागली. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या इंग्रजी लघुरूपांशी जुळणारी काही जनुकांची नावे एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. शेलमधल्या कमांड सांगितल्याशिवाय मजकुराला हात लावत नाहीत. जे लिहिले आहे ते तसेच पुढे देतात. सार्वजनिक नोंदींसाठी हा गुण अनमोल आहे.

भारतात मात्र प्रश्न बहुधा एक्सेलपर्यंतही येत नाही, तो पीडीएफमध्येच अडतो.

सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली आणि तपशील जाहीर करायला सांगितले. १४ मार्चला निवडणूक आयोगाने स्टेट बँकेकडून आलेल्या दोन याद्या संकेतस्थळावर ठेवल्या. एकीत रोखे कुणी, कधी, किती रकमेचे घेतले ते होते. दुसरीत कोणत्या पक्षाने ते कधी वटवले ते. दोन्ही पीडीएफ, मिळून साडेसातशेहून अधिक पाने, आणि रकमा लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह. रोख्यांचे क्रमांक त्यात नव्हते. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर २१ मार्चला क्रमांकांसह याद्या आल्या, त्याही पीडीएफच. पत्रकारांनी आणि स्वयंसेवकांनी त्या पानांतून ओळी बाहेर काढल्या, मोडलेले रकाने जुळवले, स्वल्पविराम काढले आणि मग कुठे कोणाचा रोखा कोणाकडे गेला ते मांडता आले.

हेच काम मुळात ज्या कमांडचे आहे तिचे नाव ‘जॉइन’. दोन फाईल एकाच रकान्यानुसार क्रमाने लावलेल्या असल्या की ती त्या रकान्यावर दोन्ही जुळवून देते. रोखे क्रमांक हा सामाईक रकाना आणि टॅब हा विभाजक असलेल्या दोन मजकूर फाईल मिळाल्या असत्या, तर ज्या कामात तासन्‌तास गेले ते दोन ओळींत झाले असते, आणि ते शहरातल्या वृत्तपत्राच्या कचेरीइतकेच एखाद्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयातही होऊ शकले असते. बँकेच्या संगणकात ती माहिती रकान्यांतच होती. तिची पाने करताना रकाने मोडले गेले आणि लोकांनी ते पुन्हा उभे केले. हे श्रम नागरिकांवर लादण्याचे काहीही कारण नव्हते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पीडीएफ वाचून तक्ते काढून देतात, मग फाईलच्या स्वरूपाचा आग्रह कशाला, असेही विचारले जाते. ही साधने उपयोगी आहेत. पण ती पान बघून रकाना कुठे संपतो याचा अंदाज बांधतात, आणि अंदाजाने काढलेली प्रत्येक संख्या मूळ पानाशी ताडून बघावी लागते. विभाजक लिहिलेला असेल तर अंदाज करायची वेळच येत नाही. ज्याच्याकडे खात्रीची माहिती आहे त्याने ती पुसट करून द्यायची आणि दुसऱ्याने यंत्र लावून ती पुन्हा ओळखायची, हा वेळेचा आणि विजेचाही अपव्यय आहे.

मराठीचा विचार केला तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची ठरते. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या साठवलेल्या असतात. मराठी मजकूर तिच्यातून बाहेर काढला की वेलांट्या भलत्या अक्षराला जातात आणि जोडाक्षरे फुटतात. युनिकोड रुळण्याआधीचा बराच मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये अडकला आहे. त्यात पडद्यावर मराठी दिसते, पण फाईलमध्ये भलत्याच चिन्हांची रांग असते. अशा फाईलमध्ये ‘ग्रेप’ने ‘शेतकरी’ शोधले तर एकही ओळ मिळत नाही.

युनिकोडमध्ये आल्यावरही वाट सरळ नाही, आणि ती सरळ करायला मराठी माणसांनीच पुढे यायला हवे. ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. युनिकोडच्या हिशेबाने त्यात पाच चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या प्रचलित मांडणीत ती पंधरा बाइट व्यापतात. बहुसंख्य लिनक्स संगणकांवरच्या ‘टीआर’ या कमांडला अक्षरे दिसत नाहीत, बाइट दिसतात. त्यामुळे मॅकिलरॉय यांच्या त्या सहा ओळी मराठीवर चालवल्या तर पहिल्याच पायरीला सगळा मजकूर नाहीसा होतो, कारण तिथे ‘ए’ ते ‘झेड’ सोडून बाकी सर्व काही विभाजक मानलेले आहे. त्याऐवजी ‘ग्रेप’ला युनिकोडमधल्या देवनागरीच्या १२८ जागांचा पट्टा सांगून सलग देवनागरी तुकडे काढायला लावले तर काम होते.

तेही पूर्ण नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला खास मराठी अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. हा जोडक देवनागरीच्या पट्ट्याबाहेर आहे, म्हणून वरच्या कमांडला तोच विभाजक वाटतो आणि शब्द मधोमध तुटतो. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. एका प्रकाराने शोधले की दुसरा सापडत नाही. मतदार यादीत, निकालपत्रात, ग्रंथालयाच्या सूचीत असे किती शब्द निसटत असतील याची कल्पना करावी.

क्रमवारीचेही तसेच. ‘सॉर्ट’ला केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावायला सांगितले तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, कारण युनिकोडने तो तिथे ठेवला आहे. मराठी मुले वर्णमाला शिकतात त्यात ळ येतो ह नंतर. आणि ‘ऑक’ बेरीज करतो ती फक्त इंग्रजी अंकांची. देवनागरी अंकांतल्या ‘१२५’ची किंमत तो शून्य धरतो. मराठी फाईलमध्ये देवनागरी अंक असणे यात काहीच गैर नाही. ‘सेड’ या कमांडने दहा अंक दहा अंकांत बदलून घेतले की बेरीज बरोबर येते. पण हे माहीत असावे लागते, आणि कुणी तरी ते मराठीत सांगावे लागते.

हे शिकवायला फार काही लागत नाही. ग्रेप, कट, सॉर्ट, युनिक, टीआर, डब्ल्यूसी, जॉइन, सेड आणि थोडा ऑक एवढ्या कमांड काही आठवड्यांत शिकवून होतात. त्या शिकायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे दृक्‌श्राव्य धडे मराठीतही विनामूल्य ठेवले आहेत. तरीही या कमांड संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरत्याच उरतात, आणि त्यांनाही बऱ्याचदा परीक्षेत व्याख्या लिहिण्यापुरत्या. ज्यांना त्यांची खरी गरज आहे ते पत्रकारिता, अर्थशास्त्र, वाणिज्य, ग्रंथालयशास्त्र आणि मराठी भाषा यांचे विद्यार्थी. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एखाद्या लेखकाच्या समग्र गद्यात कोणते शब्द किती वेळा येतात ते मोजायचे असेल, तर त्याला ते स्वतः मोजता आले पाहिजे. त्याच्या हातात मराठी विकिपीडियाचा संपूर्ण मजकूर आज विनामूल्य येऊ शकतो. विकिमीडिया तो नियमित उतरवून घेण्यासाठी ठेवते. विद्यापीठांनी कला आणि वाणिज्य शाखांच्या अभ्यासक्रमात हा एक छोटा विषय घालावा.

कार्यालयांनीही काही गोष्टी सहज कराव्यात. पीडीएफ द्यायची तर द्यावी, पण तिच्या शेजारी त्याच माहितीची मजकूर फाईल ठेवावी. रकाने टॅबने तोडावेत आणि ते पहिल्या ओळीतच स्पष्ट दिसावे. रकमेत स्वल्पविराम घालू नयेत. वाचताना ते हवेच असतील तर ते पान छापताना घालता येतात. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी, म्हणजे ‘सॉर्ट’ ती बरोबर लावतो. एका रकान्यात एकच गोष्ट असावी. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. केंद्र सरकारचे २०१२ पासूनचे खुल्या माहितीचे धोरण आणि त्याखालचे संकेतस्थळ याच दिशेने जाण्यासाठी आहे. ही शिस्त जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि सहकारी संस्थेच्या टेबलापर्यंत उतरायला हवी. यासाठी कुठलीही निविदा काढावी लागत नाही. ज्या प्रणालीतून पीडीएफ निघते तिच्यातून अशी फाईलही निघू शकते.

तोपर्यंत वाचकांनी वाट पाहत बसू नये. माहितीच्या अधिकाराचा पुढचा अर्ज लिहिताना ‘माहिती मिळावी’ एवढ्यावर थांबू नये. ‘माहिती युनिकोडमधील मजकूर फाईलमध्ये, टॅबने विभागलेल्या रकान्यांत, रकमेत स्वल्पविराम न घालता मिळावी’ असे स्पष्ट लिहावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ मधल्या व्याख्येत संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क आहे. आणि त्याच कायद्याच्या कलम ७(९) नुसार, साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत नसेल आणि अभिलेखाच्या जतनाला बाधा येत नसेल, तर माहिती सर्वसाधारणपणे ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात द्यावी लागते.